तुटलेल्या पायांचा हिशोब संसदेत मांडणारा नौदल अधिकारी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की फौजेतनं रिटायर झालेल्यांनी राजकारणात पडू नये, पेन्शन घ्यावी, शेती बघावी, सव्वीस जानेवारीला मेडल लावून झेंड्यापाशी उभं राहावं, सभागृहात त्यांचं काय काम, तिथं हुकूम चालत नाही, तिथं बोलावं लागतं आणि फौजी माणसाला बोलता येत नाही. पत्र सभ्य भाषेत होतं, त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात काही नाही. पण वाचल्यापासनं डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

मी नेव्हीत पंधरा वर्षं काढली. चिल्काला ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, आणि पुढं जहाजाच्या पोटात इंजिन रूममध्ये. अधिकारी नव्हतो, खलाशी होतो. आपल्या जिल्ह्यात फौज म्हटलं की आर्मी, शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी असं गावच्या नावातच सैनिक आहे, नेव्हीवाले आम्ही थोडे. समुद्र कोल्हापुरातनं दिसत नाही, पण एक गोष्ट नव्या पोरांना ठाऊक नसते म्हणून सांगतो, मालवणचा सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता, त्या साली तह झाला आणि तो इंग्रजांकडं गेला. म्हणजे समुद्राचं आणि आपलं नातं परकं नाही.

आता मुद्द्यावर. ज्या साली मालवण गेलं त्याच काळात तिकडं लंडनमध्ये एक माणूस एकाच वेळी नौदलाचा कॅप्टन आणि संसदेचा खासदार होता, थॉमस कॉक्रन त्याचं नाव. स्कॉटलंडमधला, जन्म १७७५. बाप सरदार होता पण शोधांच्या नादात घरदार घालवून बसलेला, पोराच्या वाट्याला पदवी येणार होती, इस्टेट नाही. सतराव्या वर्षी चुलत्याच्या जहाजावर भरती झाला. इंटरनेटवर याच्याबद्दल बघायला गेलात तर सगळ्या लढायाच सापडतात, आणि लढाया आहेतच तशा, एक सांगतो आणि पुढं जातो.

स्पीडी नावाचं एक इवलंसं जहाज त्याला पहिल्यांदा कमांडला मिळालं. १४ तोफा, त्यासुद्धा चार पौंडी गोळ्याच्या, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे कोटाच्या खिशात मावायचे, त्यानं ते घालून डेकवर फेऱ्या मारलेल्या आहेत. केबिन एवढी बुटकी की दाढी करायला वरची खिडकी उघडून डोकं बाहेर काढायचं आणि आरसा डेकवर मांडायचा. मी मेस डेकवर राहिलेला माणूस आहे, मला हे वाचताना मान अवघडल्यासारखी झाली. तर ६ मे १८०१ ला या स्पीडीनं स्पेनचं एल गामो नावाचं ३२ तोफांचं जहाज पकडलं. त्यांची माणसं ३१९ आणि याची ५४. शत्रूच्या इतक्या जवळ जाऊन चिकटला की त्यांच्या तोफांचे गोळे याच्या डेकच्या वरनं जायला लागले, मग सुकाणूवर एकटा डॉक्टर ठेवला आणि बाकी सगळी माणसं घेऊन त्यांच्या जहाजावर चढला, आणि गर्दीत एकाला पाठवून त्यांचा झेंडा उतरवायला लावला, स्पॅनिश खलाशांना वाटलं आपल्याच साहेबानं शरणागती दिली. नेपोलियननं याला समुद्रातला लांडगा म्हटलं असं सांगतात. असो. लढाई इथं संपवतो, कारण मला सांगायचंय ते जमिनीवरचं आहे.

१८०६ साली हा हॉनिटन नावाच्या गावातनं निवडणुकीला उभा राहिला. तिथं मताचा हक्क कुणाला, तर ज्याच्या घरात स्वतःची चूल पेटते आणि हंडी शिजते त्या पुरुषाला. वाचून वाटलं किती छान, गरिबालाही मत. पण गावानं त्या मताचा भाव लावून ठेवला होता. समोरच्या उमेदवारानं मताला पाच गिनी दिल्या, गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, त्या काळात गरिबाला मोठीच रक्कम. कॉक्रननं एक पैसा दिला नाही आणि पडला. आपल्याकडं ज्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात ते तिकडं उघड्यावर चालायचं. पडल्यावर त्यानं काय करावं, गावात घंटा बडवणारा माणूस फिरवला, दवंडीच म्हणा, की ज्यांनी पैसे न घेता मला मत दिलं त्यांनी येऊन दहा दहा गिनी घेऊन जावं. काही महिन्यांत पुन्हा निवडणूक लागली, सगळ्या गावाला वाटलं हा आता दुप्पट देणार, आणि धो धो मतं पडली, निवडून आला. मग लोक हात पसरून दारात आले तेव्हा म्हणाला एक छदाम मिळणार नाही, मी कुणालाही काही कबूल केलं नव्हतं. शेवटी जेवणावळ तरी घाला म्हणून गळ घातली, ती घातली, आणि त्या जेवणाचं बिल पुढं १२०० पौंडाच्या दाव्यानं त्याच्या मानगुटीवर बसलं.

हे त्यानं म्हातारपणी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. मला यातली दवंडी आवडली नाही, सरळ सांगतो. पैसे मतानंतर दिले म्हणून ते आमिष नव्हतं असं मी म्हणणार नाही, पुढच्या निवडणुकीसाठीच ती पेरणी होती. पण त्यानं ती लपवली नाही.

पुढच्या वर्षी, १८०७ ला, तो वेस्टमिन्स्टरमधनं उभा राहिला. संसद जिथं उभी आहे तोच हा मतदारसंघ, इंग्लंडच्या शहरी मतदारसंघांत मतदार सगळ्यात जास्त इथं, त्यांच्यात दुकानदार कारागीर असली माणसं भरपूर, विकत घेणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. तिथं निवडून आला आणि पहिल्याच अधिवेशनात नौदलाच्या कारभारावर उठला. सडलेली, गळकी जहाजं दुरुस्त न करता पुन्हा समुद्रात पाठवतात, दोन जहाजांची नावं घेऊन सांगितलं, दोन्ही बुडाली होती. आजारी खलाशांचे हाल सांगितले. सरकारनं उत्तर काय दिलं तर याची जहाजावर रवानगी केली, जा भूमध्य समुद्रात. आपल्याकडं जास्त बोलणाऱ्या कर्मचाऱ्याची गडचिरोलीला बदली करतात तसंच. त्या काळी तिकडं नोकरीतला अधिकारी खासदार होऊ शकायचा, आपल्याकडं नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही आणि ते योग्यच आहे असं माझं मत, पण मग रिटायर झाल्यावर तरी तोंड उघडू द्या की.

१८०९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स म्हणून जागा आहे, तिथं फ्रेंच आरमार नांगर टाकून बसलेलं. कॉक्रननं रात्री बंदुकीच्या दारूनं ठासलेली जहाजं त्यांच्यावर सोडली, घाबरून फ्रेंचांनी नांगर तोडले आणि सकाळी बघतात तर त्यांची जवळजवळ सगळी जहाजं चिखलात रुतलेली. आता फक्त पुढं येऊन घ्यायची होती. पण वरिष्ठ ॲडमिरल लॉर्ड गॅम्बियर लांब थांबून राहिला, कॉक्रन सिग्नलवर सिग्नल देतोय आणि हा हलेना. शेवटी कॉक्रन स्वतःचं एकटं जहाज घेऊन आत शिरला तेव्हा लाजेकाजेस्तव मदत आली. चार जहाजं हाती लागली किंवा जळाली, बाकीची निसटली. घरी आल्यावर कॉक्रनला राजानं मोठा किताब दिला, आणि संसदेत गॅम्बियरच्या अभिनंदनाचा ठराव यायचा होता. कॉक्रननं नौदलाच्या मंत्र्याला जाऊन आधीच सांगितलं, मी वेस्टमिन्स्टरचा खासदार म्हणून या ठरावाला विरोध करणार.

इथं थांबून जरा विचार करा. स्वतःच्या ॲडमिरलच्या विरोधात, तोसुद्धा जिंकून आलेल्या लढाईत, जिचा सगळा मान खरं तर यालाच मिळालेला. गप्प बसला असता तर पुढं ॲडमिरल होऊन आरामात राहिला असता. आम्ही नोकरीत असताना वरच्या साहेबाची चूक दिसली तर काय करायचो, मेसमध्ये एकमेकांच्या कानात बोलायचो. ती शिस्त जहाजावर लागते, तिच्याशिवाय जहाज चालत नाही, हे मी मनापासनं मानतो. पण लोकांनी निवडून दिलेला माणूस म्हणून उभा राहिल्यावर तीच शिस्त गप्प बसायला वापरायची का, हा प्रश्न त्यानं दोनशे वर्षांपूर्वी सोडवला. गॅम्बियरनं कोर्ट मार्शल मागून घेतलं आणि त्यात तो निर्दोष सुटला, ठरावही पास झाला, आणि कॉक्रनची ब्रिटिश नौदलातली कारकीर्द तिथं जवळपास संपली.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहितोय ते. १८१० साली नौदलाच्या खर्चावर चर्चा होती. कॉक्रन कागद घेऊन उभा राहिला. भाषण केलं म्हणण्यापेक्षा त्यानं बिल वाचलं. ज्यांचे हातपाय लढाईत गेले त्यांना किती पेन्शन, मेलेल्यांच्या बायकापोरांना किती, आणि दुसऱ्या बाजूला काही काम न करता बसून पगार खाणाऱ्या बड्या लॉर्डांना किती. त्या बसून खायच्या पदांना तिकडं स्वतंत्र नावच होतं, काम शून्य, पगार जन्मभर. लेफ्टनंट एलिसन, हात गेला, ९१ पौंड ५ शिलिंग. कॅप्टन जॉनस्टन, हात गेला, ४५ पौंड. हुद्द्यानं मोठा आणि पेन्शन अर्धी, हात मात्र दोघांचा एकच गेलेला. लेफ्टनंट चेंबर्स, दोन्ही पाय गेले, ८० पौंड. आणि नौदल खात्याचा सेक्रेटरी, हातपाय धडधाकट, रिटायर झाला १५०० पौंडावर. कॉक्रन म्हणाला की ही यादी हुद्द्यावर नाही, कामगिरीवर नाही, नोकरीच्या वर्षांवर नाही, फक्त संसदेतल्या वजनावर ठरलीय. आपल्या भाषेत एक शब्द पुरे, वशिला.

मग बेरजा केल्या. सगळ्या ब्रिटिश नौदलातले जखमी अधिकारी आणि मेलेल्यांच्या बायका मुलं यांना मिळून वर्षाला जे दिलं जातं ते एकट्या लॉर्ड आर्डनच्या बसून खायच्या पगारापेक्षा २१४ पौंडांनी कमी आहे, त्याचा पगार २०,३५८ पौंड. आणखी एका यादीत त्यानं ७७४ माणसं मोजली, त्यात ॲडमिरल होते, डॉक्टर होते, २०२ सुतार होते आणि ४१ आचारी होते. आचारी सुद्धा मोजले त्यानं! मी जहाजावर राहिलोय, वादळात भात शिजवणाऱ्या माणसाची किंमत मला माहितीय, कुठल्या इतिहासात आचाऱ्याची मोजदाद होते हो. या ७७४ जणांवर होणारा खर्च तीन लॉर्डांच्या फुकटच्या पगारांपेक्षा ४,०२८ पौंडांनी कमी भरला.

आणि मग वेलस्ली. हे नाव आपल्याला नवीन नाही. थोरला भाऊ इथं गव्हर्नर जनरल होता आणि धाकट्यानं १८०३ ला अहमदनगरचा किल्ला घेतला, असईला शिंदे भोसल्यांच्या फौजांशी लढला, तोच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या घराण्याला सरकारी तिजोरीतनं वर्षाला ३४,७२९ पौंड जातात असं कॉक्रननं सांगितलं आणि म्हणाला, बिचाऱ्या चेंबर्सच्या पायांच्या दरानं हिशोब केला तर ही रक्कम लेफ्टनंटांच्या पायांच्या ४२६ जोड्यांएवढी होते.

४२६ जोड्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाईल खाली ठेवला आणि रंकाळ्यावर जाऊन बसलो.

कारण माझ्या बरोबरचा एक दोस्त आहे, गडहिंग्लज बाजूचा, नाव लिहीत नाही. खवळलेल्या समुद्रात जहाजाचं लोखंडी दार त्याच्या डाव्या हातावर आपटलं आणि तीन बोटं गेली. मेडिकल बोर्ड बसलं, बोटांना टक्के लावले. असंच दार लागून बोटं गेलेला दुसऱ्या जहाजावरचा एक जण त्याला नंतर भेटला, त्याचे टक्के वेगळे. जखम तीच, कागद वेगळा. कोण डॉक्टर होता, कुणी फॉर्म नीट भरला, कुणाला माहिती होती, यावर सगळं. दोस्तानं एका ऑफिसात फेरतपासणीचा अर्ज दिला, तो अर्ज हरवला, मग दुसरा दिला, मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि त्यात त्याची जन्मतारीख चुकली, ती दुरुस्त करायला अजून एक वर्ष. आता तो गावात म्हशी राखतो, धार काढता येत नाही त्याला, बायको काढते. त्याची कुणाविरुद्ध तक्रार नाही. तो म्हणतो देशानं दिलं तेवढं पुष्कळ दिलं. मी म्हणतो तुझ्या वतीनं कुणीतरी तो कागद वर धरून उभं राहायला पाहिजे होतं, आणि त्या माणसाला जहाजाचं दार किती जड असतं ते माहिती पाहिजे होतं.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचा किस्सा पण सांगायलाच पाहिजे. त्या काळी शत्रूची जहाजं पकडली की ती नौदलाच्या कोर्टात जायची, विक्री व्हायची आणि खलाशांना वाटा मिळायचा. गरीब खलाशाची सगळी आशा त्या वाट्यावर. पण माल्टाच्या कोर्टात फिया एवढ्या लावायच्या की काही वेळा वाटा मिळायचा सोडून खलाशांच्याच अंगावर देणं निघायचं. एकच माणूस कोर्टाचा मार्शल, म्हणजे हुकूम बजावणारा अंमलदार पण आणि वकील पण, स्वतःच स्वतःचा सल्ला घ्यायचा आणि त्याची फी लावायचा. १८११ ला कॉक्रन स्वतः माल्टाला गेला. कायद्यानं दरपत्रक कोर्टात लावलेलं असायला पाहिजे, आपल्याकडं सरकारी ऑफिसात सेवा आणि दर असा फलक असतो ना तसं. शोधलं तर ते न्यायाधीशाच्या संडासाच्या दारामागं चिकटवलेलं सापडलं. यानं ते काढून खिशात घातलं. त्याला अटक झाली, तो खिडकीचे गज कापून दोरानं उतरून पळाला, लंडनला आला, आणि त्या फियांचे कागद एकाला एक चिकटवून संसदेत उलगडले, तर ते सभापतींच्या टेबलापासनं सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचले. सभागृहातल्या प्रत्येकाच्या पायाशी तो कागद.

आता वाईट भाग. तो मी लपवणार नाही, नाहीतर पत्र खोटं होईल. १८१४ च्या फेब्रुवारीत एक माणूस फौजी ड्रेस घालून डोव्हरला उतरला आणि नेपोलियन मेला अशी बातमी सोडली, आजकाल व्हॉट्सॲपवर सोडतात तशी, लंडनचा शेअर बाजार चढला, काहींनी विकून पैसे केले. तो तोतया नंतर कॉक्रनच्या घरी गेला होता कपडे बदलायला. कॉक्रनचा एक चुलता या धंद्यात मुख्य होता आणि कॉक्रनचे स्वतःचे सरकारी रोखे पण त्या दिवशी विकले गेले. तो म्हणाला मी आधीच दलालाला सांगून ठेवलं होतं, थोडा भाव चढला की विक. कोर्टानं दोषी ठरवला. एक वर्ष तुरुंग, १००० पौंड दंड, नौदलातनं काढून टाकला, राजाचा किताब गेला, वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये किताबाचा मान म्हणून लावलेला त्याचा झेंडा उतरवून पायऱ्यांवरनं लाथाडला. संसदेनं पण हाकलला. तो दोषी होता का यावर आजही इतिहासकारांचं एकमत नाही. मला वाटतं चुलत्यानं बुडवला, पण पैशाची हाव कॉक्रनला होतीच, लढायांच्या बक्षिसाच्या पैशावर त्याचा डोळा असायचा, म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण वेस्टमिन्स्टरच्या लोकांनी काय केलं ते बघा. संसदेनं ५ जुलैला हाकलला आणि १६ जुलैला त्याच लोकांनी तुरुंगात बसलेल्या माणसाला पुन्हा निवडून दिलं, विरोधात कुणी उभंच राहिलं नाही. पुढच्या मार्चमध्ये तो दोरावरनं तुरुंगाबाहेर उतरला, आणि पळून परदेशात न जाता काही दिवसांनी संसदेत येऊन आपल्या जागेवर बसला, तिथंच त्याला धरला. दंड भरला तो हजार पौंडाच्या नोटेनं, आणि नोटेच्या मागं लिहिलं की तब्येत खचलीय, आता खून होऊ नये म्हणून ही लूट सोसतो, आणि जगलो तर तुम्हाला न्यायासमोर उभं करीन. ती नोट बँक ऑफ इंग्लंडनं जपून ठेवलीय. ज्या दिवशी सुटला त्याच रात्री संसदेत गेला, राजपुत्राला वर्षाला ६००० पौंड वाढवून द्यायचं बिल मताला होतं, ते एका मतानं पडलं. पळून गेल्याबद्दल नंतर वेगळा १०० पौंडांचा दंड झाला तो लोकांनी एकेक पेनी गोळा करून भरला.

पुढचं आयुष्य म्हणजे चार देशांचं आरमार. चिली, पेरू, ब्राझील, ग्रीस. १८१८ ला बायको पोरं घेऊन चिलीला गेला. बायको किटी, तिच्याशी १८१२ ला पळून जाऊन लग्न केलेलं, अनाथ आणि हातात पैसा नसलेली मुलगी, त्यापायी मद्रासला बक्कळ पैसा कमावून आलेल्या चुलत्याच्या इस्टेटीवर पाणी सोडलं. स्पेनच्या ताब्यातले वाल्दिव्हियाचे किल्ले मूठभर माणसं घेऊन १८२० ला घेतले, पेरूतल्या कायावच्या बंदरात रात्री घुसून एस्मेराल्डा नावाचं जहाज पळवलं, चिलीत आजही त्याच्या नावाचं युद्धजहाज असतं. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय. १८२१ ला खलाशांचा पगार महिनोन् महिने थकलेला, नुसत्या तारखा मिळत होत्या, तर यानं जहाजांवर ठेवलेली सरकारी चांदी ताब्यात घेतली आणि खलाशांचा थकलेला पगार वाटून टाकला. त्यानं सान मार्टिन, म्हणजे तिकडं स्वातंत्र्याची लढाई लढणारा सेनापती, त्याच्यासारखा मोठा माणूस कायमचा दुखावला. बरोबर केलं की चूक, नौदलाच्या कायद्यानं बघितलं तर चूकच. पण घरी मनीऑर्डर न गेलेला खलाशी कसा झोपतो ते ज्यानं बघितलंय तो याला लुटारू म्हणायच्या आधी थांबेल.

बाप वारल्यावर सरदारकी आली, १८३२ ला राजानं माफी दिली, ब्रिटिश नौदलात परत घेऊन रिअर ॲडमिरल केला, १८४७ ला किताब परत. १८६० ला वारला, ८४ वर्षांचा होऊन. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला आणि पुरायच्या आदल्या दिवशी राणीच्या हुकमानं तो लाथाडलेला झेंडा परत लावला. चिलीचं नौदल दरवर्षी मे महिन्यात त्याच्या थडग्यावर हार ठेवतं. नौदलाबाहेर काढलेल्या वर्षांचा पगार मात्र मागून मागून थकला, मेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नातवाच्या हातात ५००० पौंड पडले. माझ्या दोस्ताचा अर्ज आठवतो मला इथं.

असा हा एकटाच नाही. १९४० च्या ७ मे ला ॲडमिरल रॉजर कीज, जन्म आपल्याच हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरचा, पोर्टस्मथचा खासदार, संसदेत पहिल्यांदाच पूर्ण युनिफॉर्म घालून मेडलं लावून आला आणि म्हणाला मी समुद्रावर लढणाऱ्या नौदलातल्या नाराज अधिकाऱ्यांच्या आणि खलाशांच्या वतीनं बोलायला आलोय. नॉर्वेच्या मोहिमेचा घोळ त्यानं मांडला, तोसुद्धा स्वतःच्याच पक्षाच्या सरकारसमोर. तीन दिवसांत पंतप्रधान चेंबरलेन गेला आणि चर्चिल आला. हे एकट्या कीजमुळं झालं असं नाही. पण त्या युनिफॉर्मचं वजन पडलंच.

तर त्या पत्रलेखक गृहस्थांना माझं म्हणणं, फौजी माणसाला सभागृहात मेडल मिरवायला पाठवू नका, तिथं मी तुमच्याशी सहमत आहे. मेडल दाखवून मतं मागणारा मलाही नको. पण जो रजिस्टर घेऊन जाईल, जो सांगेल की बोटाला किती टक्के आणि का, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या गावातल्या विधवेचा कागद कुठल्या टेबलावर किती महिने पडलाय, त्याला तरी बाहेर ठेवू नका. बोलता येत नाही म्हणता, कॉक्रनला पण भाषण जमायचं नाही असं त्याचे मित्र म्हणायचे. त्यानं आकडे वाचले. यंदा आमच्याकडं जो उमेदवार मत मागायला येईल त्याला आम्ही पाचसहा माजी सैनिक एवढंच विचारणार आहोत, तालुक्यातले किती अर्ज अडकलेत माहितीय का, नसेल तर आमच्याकडं वही आहे, ती घेऊन जा.

संपादक साहेब, पत्र लांबलंय हे कळतंय मला. जागा नसेल तर कापा. एल गामोची लढाई कापा, तुरुंगातला दोर कापा, चिली ब्राझील सगळं काढलं तरी चालेल. पण चेंबर्सचे ८० पौंड, ते ४१ आचारी आणि पायांच्या ४२६ जोड्या तेवढ्या राहू द्या.

आपला,
एक माजी नौसैनिक,
कसबा बावडा, कोल्हापूर